राहत्या घराची तपासणी

बँकेचं पत्र दुआर्तने जेवता जेवता उघडलं, एकदा वाचलं आणि सुपाच्या वाडग्याखाली सरकवलं. माझ्या नजरेतून असलं काही सुटत नाही. मी विचारलं, "काय म्हणतेय बँक?"

"काही नाही, आत्या. मी या घरात राहतो की नाही, ते बघायला कुणीतरी येणार आहे."

"मग काय पुलाखाली राहतोस?"

"तसा नियमच आहे," तो म्हणाला आणि पावाचा तुकडा सुपात बुडवत त्याने मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. आमचं हे तीन मजली लाकडी घर, एकेका मजल्यावर एकेक बिऱ्हाड, त्याने ऑक्टोबरात घेतलं ते सरकारी हमीच्या कर्जावर. हमी सरकारची असल्यामुळे बँक सुरुवातीला थोडकेच पैसे भरून घेते. वरचे दोन मजले भाड्याने द्यायला सरकारची ना नाही. फक्त घर घेणाऱ्याने उरलेल्या मजल्यावर स्वतः राहायचं, निदान एक वर्ष. कर्ज राहणाऱ्यासाठी आहे, नुसती भाडी गोळा करणाऱ्यासाठी नाही. तरी लोक सह्या ठोकतात, तिन्ही मजले भाड्याने लावतात आणि आपण भलतीकडेच राहतात. म्हणून अधूनमधून माणूस पाठवून बघतात.

"आणि त्या माणसाला वाटलं की तू राहत नाहीस, तर?"

"तर मी खोटं बोलून कर्ज घेतलं असं ठरेल. बँक सगळं कर्ज एकदम मागेल. कुठून देणार? घर जाईल."

घर जाईल, हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मीच हातातला चमचा खाली ठेवला. दुआर्त माझ्या भावाचा मुलगा. भाऊ परत बेटावर गेला, साओ मिगेलला, आणि हा इथे फॉल रिव्हर या अमेरिकन शहरातच राहिला. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, पहाटे जातो, दुपारी दोनला येतो. या घरात त्याची सात वर्षांची बचत गेली आणि पडद्यांच्या कारखान्यात मी शिवलेली एकतीस वर्षं गेली. नवरा वारल्यावर मला दुसरं घर उरलेलं नाही. हे गेलं तर दोघंही रस्त्यावर.

पण खरं सांगते, भीतीपेक्षा मला कुतूहलच जास्त वाटलं. माणूस एका घरात राहतो की नाही, हे परक्या माणसाला कळतं कसं? तो येऊन काय बघतो? वास घेतो? गादी दाबून बघतो? मी दुआर्तला दहा प्रश्न विचारले आणि त्याने अकराव्यांदा सांगितलं, "मला माहीत नाही, आत्या. येत्या दोन आठवड्यांत कुठल्याही दिवशी येईल. आला की दार उघड, एवढंच."

एवढंच! या पोराला कुणी वाढवलं कोण जाणे. सरकारचा माणूस घर बघायला येणार आणि म्हणे एवढंच. मी त्याच संध्याकाळी पदर खोचला, म्हणजे एप्रन बांधला, आणि घर आवरायला घेतलं.

आमच्या पोर्तुगीज लोकांच्या घरात दोन स्वयंपाकघरं असतात. एक वरचं, म्हणजे रस्त्याच्या पातळीवरच्या पहिल्या मजल्यावरचं. त्याची शेगडी चकचकीत असते, टेबलावर लेसचं कापड असतं, परडीत मेणाची फळं असतात आणि तिथे कुणी काही शिजवत नाही. दुसरं तळघरात. तिथे जुनी शेगडी, मोठी पातेली, टीव्ही, शिवणयंत्र, झोपायलाही होईल असा एक सोफा. दिवसभर माणसं तिथेच. वर जायचं ते रात्री झोपायला, नाहीतर पाद्री घरी आले तर, नाहीतर कुणी मेलं तर. बेटावरून आलेल्या माझ्या सासूने असंच घर ठेवलं, मीही तसंच ठेवलं आणि या घराच्या आधीच्या मालकिणीनेही तसंच ठेवलं होतं. घर बघायला आलो तेव्हा मी तळघरातली शेगडी बघितली आणि दुआर्तला कोपराने ढोसलं की हेच घे.

तेव्हा वरचं घर तसं स्वच्छच होतं. पण सरकारसाठी स्वच्छ असणं निराळं. मी फ्रिज रिकामा केला. आत होतं तरी काय, दुआर्तचं दूध आणि अर्धा लिंबू, तेही खाली गेलं. न्हाणीघरातून त्याचं दाढीचं सामान, टूथब्रश, ओले टॉवेल, सगळं खाली. त्याजागी रेशमी फीत बांधलेले टॉवेल लटकवले, जे कुणी वापरायचे नसतात, आणि शिंपल्याच्या आकाराचे साबण मांडले, जे कुणी भिजवायचे नसतात. त्याचे बूट खाली, कामाचे कपडे खाली, पत्रांचा गठ्ठा खाली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या खाली. सोफ्यावरचं प्लॅस्टिक ओल्या फडक्याने पुसून काढलं. सांतु क्रिश्तूच्या, म्हणजे आमच्या बेटावरच्या येशूच्या, तसबिरीपुढची फुलं बदलली. दुआर्तच्या पलंगावर माझ्या लग्नातली विणलेली चादर अंथरली, एकही सुरकुती राहू दिली नाही.

रात्री तो झोपायला गेला तर मी दारात उभी. "चादर चुरगळेल."

"मग मी झोपू कुठे?"

"तळघरात सोफा आहे ना."

"आत्या, दोन आठवडे?"

"दोन आठवडे पाठ दुखली तर मरत नाहीस. बघणाऱ्याला काय दिसलं पाहिजे? की इथे चांगल्या घरातला माणूस राहतो."

तो उशी काखेत मारून खाली गेला. दुसऱ्या दिवशी मीही माझं अंथरूण खाली नेलं. माझी खोली चुरगळलेली कशी चालेल?

नऊ दिवस आम्ही असे काढले. दहाव्या दिवशी, बुधवारी, दुपारी दीड वाजता पुढच्या दाराची घंटा वाजली. पुढच्या दाराची! आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस मागून, तळघराच्या दाराने येतं, त्यामुळे मला लगेच कळलं. केसांवरून हात फिरवत मी जिना चढले.

दारात पंचविशीची मुलगी. जाड कोट, हातात फोन, गळ्यात ओळखपत्र. "मिसेस फुर्तादू? मी ॲबी थर्स्टन. बँकेच्या वतीने आलेय. मिस्टर रेझेंदेस घरी आहेत का?"

"कामावर आहे. येईलच. आत ये, बाई, थंडीत उभी राहू नकोस. बूट राहू दे, राहू दे." बूट राहू दे म्हणताना मला काय झालं ते माझं मला माहीत.

मी तिला खोलीखोली फिरवली. मला वाटलं ती थक्क होणार, आणि ती झालीही. प्रत्येक दारात ती थांबायची, बघायची आणि फोनवर फोटो काढायची. मी तिच्या मागे मागे. मनात म्हटलं, काढ, काढ, बँकेतल्या साहेबांनाही दाखव.

तिने शेगडीचं दार उघडलं. आत माहितीपुस्तिका होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकटपट्टी लावलेली.

"ही कधी वापरली?"

"वापरून खराब कशाला करायची?" मी म्हणाले.

तिने फ्रिज उघडला. आतला दिवा लागला आणि पांढऱ्या भिंतींवर पडला. मी खाण्याच्या सोड्याने घासला होता तो. फोटो. न्हाणीघरात तिने बेसिनवर बोट फिरवलं. कोरडं. टॉवेलच्या फितीकडे बघितलं. फोटो. दुआर्तचं कपाट उघडलं. त्यात लग्ना-मयताचा एक सूट आणि सहा रिकामे हँगर. फोटो. पलंगाजवळ ती बराच वेळ उभी राहिली.

"मिसेस फुर्तादू, तुम्ही इथे कोण?"

"मी त्याची आत्या. कागदावर मी कुणीच नाही."

"मिस्टर रेझेंदेस काल रात्री या पलंगावर झोपले होते?"

आता बघा, मी खोटं बोलू शकले असते. आयुष्यात बोललेच नाही असं नाही. पण ती पोरगी अशी सरळ बघत होती की माझ्या तोंडून निघालं, "काल नाही."

"परवा?"

"परवाही नाही."

"कधी झोपले होते?"

"चादर घातल्यापासून नाही."

तिने फोन खाली केला. "मी वरच्या बिऱ्हाडांनाही विचारलं, तुमचं नावही तिथेच कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की खाली खिडकीत कधी दिवा दिसत नाही." तिचा आवाज रागाचा नव्हता, उलट जरा वाईट वाटल्यासारखा होता, आणि त्यानेच मी घाबरले. "मला फॉर्मवर एक खूण करायची असते. राहतात, राहत नाहीत, किंवा सांगता येत नाही. इथे कुणी राहतं असं मला काहीच दिसत नाही."

"काही दिसत नाही म्हणजे? अगं, मी नऊ दिवस घासतेय!"

तिने फोन माझ्यापुढे धरला आणि एकेक फोटो सरकवत गेली. रिकामा फ्रिज. कोरडं बेसिन. कपाटातले हँगर. पलंग. दुसऱ्याच्या हातातल्या काचेत मी आमचं घर पहिल्यांदा बघितलं आणि मलाही त्यात कुणी सापडेना. दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या खोल्या दिसत होत्या. हे मी माझ्या हातांनी केलं होतं. आता घर गेलं तर ते माझ्या नीटनेटकेपणामुळे जाणार होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

घाबरल्यावर मी गप्प बसत नाही, प्रश्न विचारते. मी विचारलं, "तू इतकी घरं बघतेस. लबाड लोक कसे कळतात?"

ती हसली. "लबाड लोक वस्तू आणून मांडतात. एकाने कुत्र्यासाठी भांडं ठेवलं होतं, खाणं, पाणी, सगळं. कुत्रा कुठाय विचारलं तर म्हणाला, फिरायला गेलाय."

"एकटाच?"

"मीही तेच विचारलं. एकीने तीन टूथब्रश ठेवले होते, तिन्ही ठणठणीत कोरडे, एकावर किमतीची चिठ्ठी. बहुतेक जण त्याच दिवशी दूध विकत आणतात. दूध सगळेच आणतात, का कुणास ठाऊक." मग ती थांबली. "पण तुम्ही काहीच मांडलेलं नाही. उलट सगळं काढून टाकलंय. असं मी कुठे बघितलं नाही. मला सांगा ना, का?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यात खाली तळघराचं दार धाडकन आपटलं, फरशीवर बूट वाजले आणि दुआर्तचा आवाज आला, "आत्या! काय वास सुटलाय! शुरीस घातलंयस?"

ॲबीने माझ्याकडे बघितलं. मी सांतु क्रिश्तूकडे.

दुआर्त जिना चढून वर आला, अंगावर गोदामाचं जाकीट, तोंडात पाव. परकी मुलगी बघून त्याने पाव गिळला. तिने नाव सांगितलं, त्याने सांगितलं, आणि तिने त्यालाही तेच विचारलं. काल रात्री कुठे झोपलात?

त्याने माझ्याकडे बघितलं. हा मुलगा लहानपणीही असाच होता, खोटं बोलायच्या आधी परवानगी मागायचा. मी मानेनेच नको म्हटलं.

"खाली," तो म्हणाला. "तळघरात. आत्या चादरीवर झोपू देत नाही."

"खाली कुणी भाडेकरू आहे का?"

"खाली आम्ही आहोत," दुआर्त म्हणाला.

आता प्रश्न होता, तळघर दाखवायचं की नाही. तळघरातल्या शेगडीचा नगरपालिकेकडे कागद नाही. आमच्या गल्लीत कुणाकडेच नसेल, पण म्हणून काय झालं, बाकीच्यांकडे फोन घेऊन कुणी आलेलं नाही. दाखवली तर उद्या नगरपालिका दारात. नाही दाखवली तर बँक. शिवाय सगळ्यात मोठी गोष्ट, पाहुण्याला तळघरात न्यायचं म्हणजे शरमेने मान खाली. तिथे दोरीवर कपडे वाळत होते, दुआर्तच्या आतल्या चड्ड्यासुद्धा.

"चल," मी ॲबीला म्हटलं. "डोकं सांभाळ, जिना बुटका आहे."

खाली येऊन ती मधोमध उभी राहिली. सूप उकळत होतं, त्यात शुरीसचे, म्हणजे आमच्याकडच्या सॉसेजचे, लाल काप वर येत होते. टेबलावर माझ्या गोळ्या, दुआर्तचं वस्तऱ्याचं खोकं, पत्रांचा गठ्ठा, वरचं नाव दुआर्त रेझेंदेस. सोफ्यावर त्याची उशी, मध्ये डोक्याचा खळगा. कोपऱ्यात माझी घडीची खाट. दुआर्तने सवयीने बूट काढून हीटरजवळ ठेवले आणि त्यांचा वास सुटला. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"अच्छा," ॲबी म्हणाली. तिने फोन खिशात ठेवला. "इथे आहात होय तुम्ही सगळे."

मी तिला वाडगं दिलं. ती नको म्हणाली, आमच्याकडे नको म्हणून काही होत नाही. खाता खाता तिने विचारलं आणि मी सांगितलं, वरचं घर कशासाठी, खालचं कशासाठी, पाहुणा येणार म्हटल्यावर चांगल्या घरातली बाई काय करते. ती ऐकत होती आणि मधूनच असं काही विचारायची की मलाच विचार करायला लागायचं. "वरच्या सोफ्यावर शेवटचं कोण बसलं होतं?" कुणीच नाही. "मग आधीच्या घरातल्या?" नवऱ्याच्या मयताला आलेले पाद्री. "आणि तुम्ही?" मी त्यांना कॉफी आणून देत होते, मी कशी बसणार?

वाडगं रिकामं झाल्यावर ती म्हणाली, "तळघराबद्दल माझ्या फॉर्ममध्ये प्रश्नच नाही. त्यामुळे ही शेगडी मी बघितलेली नाही. पण प्रश्न पहिल्या मजल्याचा आहे. कर्ज त्या घरासाठी दिलंय आणि त्या घरात मला आज कुणी दिसलं नाही. जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही, मिसेस फुर्तादू. सूप कितीही छान असलं तरी."

"मग?" दुआर्तचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मग मी लिहिते, सांगता येत नाही. म्हणजे मला पुन्हा यावं लागेल. दोन आठवड्यांच्या आत, कळवणार नाही. दुसऱ्या फेरीचे मला पैसेही मिळत नाहीत, तेव्हा कृपा करून..." ती माझ्याकडे वळली. "कृपा करून घर आवरू नका."

बाई गेली. दुआर्त म्हणाला, "ऐकलंस? आपण वर राहायचं."

"राहायचं म्हणजे?"

"म्हणजे राहायचं, आत्या! झोपायचं, खायचं, टीव्ही बघायचा."

"वरच्या शेगडीवर मासे तळायचे? भिंतींना तेलाचा वास लागेल."

"लागू दे!" तो ओरडला. माझ्यावर तो कधी ओरडत नाही. "घर राहिलं तरच भिंती राहतील ना?"

मी गुरुवार, शुक्रवार, शनिवार अडून बसले. तो आपल्या पलंगावर झोपायला गेला, चादर चुरगळली, मी बघितलंच नाही. पण खाली सूप ढवळताना मला ते फोटो दिसायचे. रविवारी चर्चमधून आल्यावर मी मोठं पातेलं उचललं आणि जिना चढले. वरच्या शेगडीतून ती पुस्तिका काढली. मेणाची फळं खोक्यात घातली. दुआर्तने सोफ्याचं प्लॅस्टिक ओढून काढलं, त्याचा असा करकरून आवाज झाला की दुसऱ्या मजल्यावरून म्हातारा पेल्तिए खाली बघायला आला. "काय, कोण मेलं?" तो म्हणाला. त्याची काही चूक नव्हती.

पहिले दोन दिवस आम्ही पाहुण्यांसारखे वावरलो. दुआर्त सोफ्याच्या काठावर बसायचा, पाय जमिनीवर जुळवून. कॉफी सांडली तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मी फडकं आणायला उठले, त्याने हात धरला. तो डाग अजून आहे.

मग मला काहीतरी भलतंच व्हायला लागलं. वरच्या शेगडीसमोर खिडकी आहे. होती, पहिल्या दिवसापासून होती, पण मी तिच्यासमोर पाच मिनिटांच्या वर कधी उभी राहिले नव्हते, आणि तेव्हाही काच पुसायलाच. आता कांदा परतताना मी बाहेर बघायला लागले. समोरच्या घरातला माणूस रोज सकाळी नऊला गॅलरीत येतो आणि कबुतरांना शिव्या देतो. दहा वाजता ऊन टेबलापाशी येतं, सव्वाअकराला शेगडीवर, मग भिंतीवर चढतं. रस्त्यावरच्या पोरी शाळेतून येताना एकीचं दप्तर दुसरी उचलते, रोज तीच. मी फोडणी करपवली दोनदा. तळघरात एक खिडकी आहे, तिच्यातून चाकं आणि बूट दिसतात. त्या बुटांवरून मला माणसं ओळखता यायची. चेहरे आत्ता कळत होते.

दुआर्तला मी रोज दुपारी बातम्या सांगायचे. तो म्हणायचा, "आत्या, तू बँकेपेक्षा जास्त तपासणी करायला लागलीस."

"माझा फॉर्म मोठा आहे," मी म्हणायचे.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, वर राहायला लागून नऊ दिवस झाले तेव्हा, घंटा वाजली, तीन वाजता. मी मासे तळत होते. बेसिनमध्ये खवले पडलेले, खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, टेबलावर पावाचा चुरा, सोफ्यावर दुआर्त मोजे घालून घोरत होता, तोंड उघडं. घंटा ऐकली आणि माझ्या हातात आपोआप फडकं आलं. पाच मिनिटं मिळाली असती तर मी सगळं लख्ख केलं असतं. मी ते फडकं बेसिनमध्ये टाकलं आणि दार उघडलं.

"ये," मी म्हटलं, "पसारा आहे."

ॲबी आत आली. वास घेतला. इकडेतिकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, हिला जेवायला घालायलाच पाहिजे. ती फोटो काढत गेली. शेगडीवरचे शिंतोडे. फ्रिज, त्यात दूध, सूप, अर्धा लिंबू. बेसिनजवळचे ओले टूथब्रश. शिंपल्याचा साबण, अर्धा झिजलेला. दुआर्तचा न आवरलेला पलंग, चादर खाली लोळतेय. एकेका फोटोला माझ्या काळजात कळ येत होती आणि तरी मी मोजत होते, हा झाला, हा झाला. दुआर्त जागा होऊन केस सारखे करत उभा राहिला.

"राहतात," ॲबी म्हणाली आणि खूण केली. "झालं. पत्र येईल, पण काळजी करू नका."

दुआर्तने खुर्चीचा टेका घेतला. इतके दिवस तो किती घाबरला होता, ते मला तेव्हा दिसलं.

"एकच ओळ राहिली," ती म्हणाली. "घरात आणखी कोण राहतं? तुमचं नाव घालते, मिसेस फुर्तादू. इदालिना. कधीपासून राहता इथे?"

ऑक्टोबरपासून. उत्तर सोपं होतं, दुआर्त ओठांनी तेच म्हणत होता, ऑक्टोबर, ऑक्टोबर. पण प्रश्न मला विचारला होता. या देशात येऊन मला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. सासूचं घर, नवऱ्याचं घर, हे घर. मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं आणि उत्तर द्यायचं तर ते खरं द्यावं असं मला वाटलं.

"नऊ दिवस झाले," मी म्हणाले.

"आत्या!" दुआर्त ओरडला. "ती ऑक्टोबरपासून आहे, मिस थर्स्टन, माझ्याबरोबरच आली, ती आपली उगाच..."

ॲबीने हात वर केला. ती माझ्याकडे बघत होती, मग शेगडीकडे, मग त्या खिडकीकडे.

"फॉर्ममध्ये मी ऑक्टोबर लिहिते," ती हळूच म्हणाली. "चालेल?"

"लिही," मी म्हटलं. "फॉर्मला तेच बरोबर आहे."

आणि परक्या माणसासमोर कधी नाही ते मला रडू फुटलं. ॲबीने फोन टेबलावरच्या चुऱ्यात ठेवला, दुआर्तने कपड्यांचा ढीग जमिनीवर लोटून मला खुर्ची दिली, आणि मी माझ्या वरच्या स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडले. मासे करपून कोळसा झाले.